सिर्रे अकबर : उपनिषदांत तौहीद शोधणारा शहजादा

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना संतसाहित्याचा धडा आला की एक प्रश्न हमखास येतो. मागच्या वर्षी मी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांविषयी सांगत होतो. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, ते मुसलमान होते ना? मग योगावर कशाला लिहिलं? असं केल्यानं इमान जात नाही का?” वर्गात कुणीही हसले नाही. म्हणजे प्रश्न त्या एकट्याचा नव्हता. काहीबाही उत्तर देईपर्यंत तास संपला. तो मुलगा खाली बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते, हे मला दिसत होते.

हा प्रश्न आजचा नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी हिंदुस्तानच्या तख्ताचा वारस मानल्या गेलेल्या एका शहजाद्यालाही तोच विचारला गेला. त्याचे नाव दारा शुकोह. त्याने उपनिषदे फारसीत आणली, त्या भाषांतराला ‘सिर्रे अकबर’ म्हणजे ‘सर्वांत मोठे रहस्य’ असे नाव दिले. आज जगभरात लोक आत्मज्ञानासाठी वेदांताकडे वळतात, त्या रस्त्याचा एक मोठा टप्पा या फारसी पुस्तकाने बांधला आहे. पण आपल्याकडे दाराची आठवण निघते ती औरंगजेबाशी तुलना करण्यापुरती. त्याने काय शोधले, कसे शोधले आणि त्यात त्याचे काय चुकले, हे क्वचितच कुणी वाचते.

दाराच्या आधीचे प्रवासी

दारा हा या वाटेवरचा पहिला मुसलमान नव्हता. अल्-बिरुनीने अकराव्या शतकात संस्कृत शिकून पतंजलीच्या योगविचाराचे अरबीत भाषांतर केले आणि 1030 च्या सुमारास हिंदुस्तानच्या ज्ञानविज्ञानावरचा आपला मोठा ग्रंथ पूर्ण केला. त्याची भूमिका अभ्यासकाची होती. समोरचा काय मानतो, ते त्याच्याच ग्रंथातून समजून घ्यायचे आणि आपले मत वेगळे ठेवायचे, अशी त्याची शिस्त होती. सोळाव्या शतकात ग्वाल्हेरचे शत्तारी सूफी शेख मुहम्मद गौस यांनी योगाभ्यासावरचा ‘बहरुल हयात’ हा ग्रंथ फारसीत तयार केला. तिथे अभ्यासाच्या पुढे जाऊन साधनेचा विचार होता. अकबराच्या काळात महाभारताचे ‘रज्मनामा’ झाले, रामायण फारसीत आले. शहजादा सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर, याच्यासाठी निजामुद्दीन पानिपती यांनी ‘योगवासिष्ठा’चे फारसी रूप तयार केले.

म्हणजे दाराच्या जन्माआधीच फारसी वाचणाऱ्या मुसलमानांच्या कपाटात हिंदू तत्त्वज्ञानाची बरीच पुस्तके होती. दाराचे वेगळेपण असे की तो या पुस्तकांकडे कुतूहलाने किंवा राज्यकारभाराची गरज म्हणून गेला नाही. त्याला स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर हवे होते.

लाहोरचे मियां मीर

दाराचा जन्म मार्च 1615 मधला, अजमेरचा. मुलगा व्हावा म्हणून आपल्या वडिलांनी ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्यात दुआ मागितली होती, असे दाराने स्वतः लिहिले आहे. 1633 मध्ये नादिरा बानू बेगमशी त्याचे लग्न झाले. पहिली मुलगी तान्हेपणीच गेली. वयाच्या विशीत आलेल्या या दुःखाने तो आजारी पडला. शाहजहान त्याला लाहोरला मियां मीर यांच्याकडे घेऊन गेला. या बुजुर्गांनी दम केलेले पाणी दिले आणि आपण बरे झालो, ही हकीकत दाराने श्रद्धेने नोंदवली आहे.

मियां मीर कादिरी सिलसिल्याचे होते. 1635 मध्ये ते वारले. पुढे दारा आणि त्याची थोरली बहीण जहांआरा या दोघांनी त्यांचे खलिफा मुल्ला शाह बदख्शी यांच्याकडून दीक्षा घेतली. दाराची पहिली पुस्तके याच काळातली. ‘सफीनतुल औलिया’ हे औलियांच्या चरित्रांचे, तर ‘सकीनतुल औलिया’ हे मियां मीर आणि त्यांच्या शिष्यांविषयीचे. या पुस्तकांत हिंदू तत्त्वज्ञान नाही. पीर, जिक्र, फना, बका यांचीच चर्चा आहे. हे मुद्दाम सांगायचे कारण असे की, दारा उपनिषदांकडे इस्लामला पाठ फिरवून गेला, असे चित्र त्याचे विरोधक आणि आजचे काही चाहते, दोघेही रंगवतात. त्याच्या पुस्तकांचा क्रम लावून पाहिला तर ते चित्र टिकत नाही. सूफी मार्गावर बरेच चालून झाल्यावर, त्याच मार्गावरचे पुढचे पाऊल म्हणून तो उपनिषदांपर्यंत पोचला.

या मार्गाचे तात्त्विक अधिष्ठान होते इब्ने अरबींचा ‘वहदतुल वुजूद’ हा विचार. खरे अस्तित्व फक्त अल्लाहचे, बाकी सारे त्याच अस्तित्वाचे प्रकटीकरण, असा त्याचा थोडक्यात आशय. माणसाने आपल्या नफ्सचे पडदे दूर केले तर त्याला आपल्या मुळाची ओळख पटते. स्वतःला ओळखणे आणि रबला ओळखणे ही एकाच वाटेची दोन नावे आहेत, असे सूफी शतकानुशतके सांगत आले. हाच विचार दुसऱ्या कुणाकडे दुसऱ्या शब्दांत सांगितला गेला असेल तर तो का ऐकू नये, असे दाराला वाटले.

अर्थात हा विचार सर्वांना मान्य नव्हता. सरहिंदचे शेख अहमद, ज्यांना मुजद्दिद अल्फे सानी म्हटले जाते, त्यांनी ‘वहदतुश शुहूद’ मांडला. साधकाला सर्वत्र एकच दिसते, हा त्याचा अनुभव असतो. त्यावरून निर्माता आणि निर्मिती एक ठरत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. हा वाद मुसलमानांच्या आतला होता आणि दोन्ही बाजूंना मोठे आलिम होते. दाराचा प्रश्न या वादातून आला आहे, हे लक्षात ठेवले तर पुढचे बरेच समजते.

बाबा लाल यांच्या बैठका

1653 मध्ये दारा कंदहारच्या मोहिमेवरून हात हलवत परतला. सेनापती म्हणून त्याची ती मोठी नामुष्की होती. परतीच्या वाटेवर लाहोरला त्याची बाबा लाल या वैरागी साधूंशी अनेक बैठकांत चर्चा झाली. या चर्चेच्या फारसी नोंदी आजही मिळतात. मुन्शी आणि फारसीचे नामांकित कवी चंद्रभान ब्राह्मण यांचे नाव त्यांच्याशी जोडले जाते.

या नोंदी वाचताना मला सर्वांत भावतो तो प्रश्नांचा सूर. दारा विचारतो, मूर्तिपूजेचा अर्थ काय? बाबा लाल सांगतात, ज्याला आतला अर्थ कळलेला नाही त्याचे मन स्थिर व्हावे म्हणून रूपाचा आधार आहे. लग्नाआधी मुली बाहुल्यांशी खेळतात, संसार सुरू झाला की बाहुल्या आपोआप सुटतात, तसे. या उत्तराने मुसलमान म्हणून माझे समाधान होत नाही, कदाचित दाराचेही झाले नसेल. पण त्याने प्रश्न विचारला तो उत्तर ऐकण्यासाठी. आज टीव्हीवर हाच प्रश्न विचारला जातो, तेव्हा उत्तर ऐकून घेण्याची तयारी क्वचितच कुणाची असते.

दोन समुद्रांचा संगम

1655 च्या सुमारास दाराने ‘मजमउल बहरैन’ लिहिले. नावाचा अर्थ दोन समुद्रांचा संगम. हे शब्द कुरआनात हजरत मुसांच्या प्रवासाच्या संदर्भात येतात. याच पुस्तकाचे ‘समुद्रसंगम’ या नावाने संस्कृत रूपही झाले. पुस्तक छोटेसेच आहे. त्याचे स्वरूप जवळजवळ पारिभाषिक कोशाचे आहे. एका बाजूला सूफींचा शब्द, दुसऱ्या बाजूला हिंदू तत्त्वज्ञांचा शब्द आणि दोहोंचा मेळ.

दोन भाषा शिकवणारा माणूस म्हणून या पुस्तकात मला विशेष रस आहे. रूह म्हणजे आत्मा. सर्व रूहांचे मूळ म्हणजे परमात्मा. माया या शब्दासाठी दारा इश्क हा शब्द देतो, आणि इथे आपण थबकतो. मायेला आपण भ्रम म्हणतो, ती प्रेम कशी? दाराच्या मनात सूफींची ती कल्पना आहे की, निर्मात्याला आपण ओळखले जावे असे वाटले आणि त्या ओढीतून सृष्टी झाली. सृष्टीचे कारण इश्क. वेदांतात एकाचे अनेक दिसतात ते मायेमुळे. म्हणून त्याने दोन्ही शब्द शेजारी ठेवले. बरोबर की चूक, हा वाद बाजूला ठेवला तरी त्यात विचार आहे.

चार अवस्थांचे प्रकरण आणखी महत्त्वाचे. सूफी चार आलम सांगतात. नासूत, मलकूत, जबरूत आणि लाहूत. उपनिषदे चार अवस्था सांगतात. जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या. दाराने त्यांची जोडी लावली. डोळ्यांना दिसणारे जग म्हणजे नासूत, तीच जागृती. रूपे असतात पण देह नसतो ते मलकूत, तेच स्वप्न. जिथे मी-तू मावळतात, ते जबरूत, तीच गाढ झोप. आणि या तिन्हींना व्यापून असलेले लाहूत, तीच तुर्या. मराठीत ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला हे शब्द परके नाहीत. मुद्दा असा की, ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे माणसाच्या रोजच्या अनुभवातून शोधले आहे. आपण जागे असतो, स्वप्न पाहतो, गाढ झोपतो. या तिन्हींत बदलत नाही असे काय आहे, एवढाच तो प्रश्न.

श्वासाच्या साधनेबद्दलही त्याने असेच लिहिले. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक श्वासाबरोबर आपोआप चालणारा जप हिंदू साधक ‘अजपा’ म्हणतात. सूफी श्वासावर ‘हू’ आणि ‘अल्लाह’ यांचा जिक्र करतात. दाराच्या मते ही एकच साधना होती.

सहा महिने, पन्नास उपनिषदे

यानंतर दाराने ‘योगवासिष्ठा’चे नवे फारसी भाषांतर करवून घेतले. त्याच्या प्रस्तावनेत एक स्वप्न आहे. स्वप्नात वसिष्ठ आणि रामचंद्र दिसतात. सत्याच्या शोधात हा तुझा भाऊ आहे, असे वसिष्ठ रामचंद्रांना सांगतात. रामचंद्र दाराला मिठी मारतात आणि त्याला मिठाई खाऊ घालतात. आजच्या वातावरणात असे स्वप्न कुठल्याही मुसलमानाने लिहायचे म्हटले तर दोन्हीकडचे लोक त्याचा काय अर्थ काढतील, याची कल्पनाच केलेली बरी.

1657 मध्ये, हिजरी 1067 च्या रमजानमध्ये, दिल्लीत यमुनेकाठच्या आपल्या हवेलीत दाराने ‘सिर्रे अकबर’ पूर्ण केले. काशीहून पंडित आणि संन्यासी बोलावले होते. सहा महिने काम चालले. पन्नासच्या आसपास उपनिषदे फारसीत आली. जिथे मूळ वचन कोड्यात बोलते तिथे पारंपरिक भाष्याच्या आधाराने खुलासा घातला आणि सूफी परिभाषेत अर्थ दिला.

प्रस्तावनेत दाराने आपला प्रवास सांगितला आहे. त्याने तौरात, इंजील आणि जबूर वाचले. पण तौहीदचे विवेचन तिथे त्याला संक्षिप्त आणि गूढ वाटले. हिंदुस्तानात तौहीदची एवढी चर्चा का होते, हे शोधत तो उपनिषदांपर्यंत आला. आणि मग त्याने एक धाडसी विधान केले. कुरआनच्या सूरह वाकिआमध्ये एका जतन केलेल्या, झाकून ठेवलेल्या किताबचा उल्लेख आहे. ती किताब म्हणजे उपनिषदे असावीत, असे त्याने म्हटले. बहुतेक मुफस्सिर त्या आयतीचा संबंध लौहे महफूजशी लावतात. दाराचा अर्थ परंपरेत कुणी स्वीकारला नाही आणि मलाही तो पटत नाही. पण त्यामागची त्याची तगमग पाहण्यासारखी आहे. उपनिषदे वाचण्यासाठी त्याला कुरआनची परवानगी हवी होती. कुरआन सोडायचा असता तर ही खटपट त्याने केलीच नसती.

तख्त, हत्ती आणि फतवा

पुस्तक संपले आणि दोनच महिन्यांत, सप्टेंबर 1657 मध्ये, शाहजहान आजारी पडला. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. 1658 च्या मे महिन्यात सामूगढला दाराचा पराभव झाला. 1659 च्या मार्चमध्ये अजमेरजवळ तो पुन्हा हरला. सिंधमार्गे पळताना नादिरा वारली. ज्या मलिक जीवनचा जीव दाराने पूर्वी वाचवला होता, त्यानेच त्याला पकडून दिले. दिल्लीच्या बाजारातून त्याला एका मळक्या हत्तीवर बसवून फिरवण्यात आले. फ्रेंच प्रवासी बर्निए त्या गर्दीत होता. लोक रडत होते, पण तलवार काढायला कुणी पुढे आला नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यानंतर दाराला ठार मारण्यात आले.

औरंगजेबाच्या दरबारी इतिहासात दारावर जे आरोप आहेत, त्यांत ब्राह्मण आणि जोग्यांची संगत, त्यांच्या ग्रंथांचे भाषांतर आणि अंगठीवर नागरीत कोरलेला ‘प्रभू’ हा शब्द, यांचा समावेश आहे. उलेमांनी त्याला दोषी ठरवले. पण मारले गेले ते भाषांतरासाठी की तख्तासाठी? मुरादबख्श काही उपनिषदे वाचत नव्हता, तरीही तो मारला गेला. शुजाही संपला. वारसाहक्काचा ठरलेला कायदा नसलेल्या घराण्यात जिवंत भाऊ हाच गुन्हा होता. फतव्याने त्या गुन्ह्याला धर्माचे कापड पांघरले.

याच बर्निएने आणखी एक गोष्ट लिहिली आहे. औरंगजेबाचा विद्वान उमराव दानिशमंद खान याने दाराच्या पदरी असलेल्या एका नामांकित पंडिताला दाराच्या मृत्यूनंतर आपल्याकडे ठेवून घेतले आणि त्याच्याशी शास्त्रचर्चा चालू ठेवली. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी हा पंडित म्हणजे कवींद्राचार्य सरस्वती असावेत, असे साधार मांडले. कवींद्राचार्य मूळचे गोदातीरचे ऋग्वेदी ब्राह्मण, काशीत स्थायिक झालेले. काशी आणि प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर शाहजहानकडून माफ करवून घेतल्याबद्दल त्यांची कीर्ती होती. म्हणजे दारा गेला तरी संवाद थांबला नाही. तो औरंगजेबाच्या दरबारातल्याच एका माणसाच्या घरी चालू राहिला. इतिहास दोन रंगांत रंगवणाऱ्यांना ही गोष्ट अडचणीची वाटते.

फारसीतून लॅटिनमध्ये

दाराचे धड कुठे पुरले, याची नेमकी खूण नाही. हुमायूनच्या मकबऱ्यातल्या अनेक कबरींपैकी ती एक आहे. 2020 मध्ये ती शोधण्यासाठी सरकारने समितीही नेमली. त्याचे पुस्तक मात्र हरवले नाही. फारसी हस्तलिखिताच्या नकला होत राहिल्या. 1775 मध्ये फैजाबादच्या दरबारात असलेल्या जंतील या फ्रेंच अधिकाऱ्यामार्फत एक प्रत आंकतील द्युपेराँ या फ्रेंच विद्वानाकडे पोचली. त्याने तिचे लॅटिन भाषांतर केले. ते 1801-02 मध्ये स्ट्रासबर्गला ‘औपनेखत’ या नावाने छापले गेले. ‘उपनिषद’ या शब्दाचा फारसी उच्चार लॅटिनमध्ये जाऊन असा झाला होता.

1814 मध्ये हे पुस्तक शोपेनहाउअर या तरुण जर्मन तत्त्वज्ञाच्या हाती आले. आयुष्यभर ते त्याच्या टेबलावर राहिले आणि आपल्याला जगताना व मरताना आधार देणारे पुस्तक म्हणून त्याने त्याचा गौरव केला. त्याच्या कुत्र्याचे नावही आत्मा होते. त्याचा चाहता पॉल डॉयसन पुढे संस्कृत शिकला आणि 1897 मध्ये त्याने साठ उपनिषदांचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य माणूस आत्मज्ञानासाठी पूर्वेकडे पाहू लागला, त्या कथेच्या सुरुवातीला एका मुसलमान शहजाद्याचे फारसी पुस्तक आहे. आज परदेशातल्या योगकेंद्रात उपनिषदे ऐकणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

देशातही फारसीने मोठे काम केले. उपनिषदे वाचण्याचा अधिकार कुणाला, हा प्रश्न संस्कृतच्या जगात कडक होता. फारसी ही मात्र मुन्शी, कायस्थ, खत्री, मौलवी अशा सर्वांची भाषा होती. ज्याला संस्कृत येत नव्हते किंवा शिकू दिले जात नव्हते, तो हिंदूही उपनिषदे फारसीत वाचू शकत होता. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये गीता मराठीत आणली, तेव्हाही कुलूप असेच उघडले होते. पुढे राजा राममोहन रॉय यांनी 1816 पासून उपनिषदांची बंगाली आणि इंग्रजी भाषांतरे काढली. त्यांचे शिक्षण अरबी-फारसीत झाले होते आणि त्यांचे पहिले पुस्तक ‘तुहफतुल मुवाहिदीन’ हे एकेश्वरवादावर फारसीत लिहिलेले होते.

दाराच्या मर्यादा

दाराचे कौतुक करताना त्याच्या चुका झाकायचे कारण नाही. ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणजे जिब्रील, मीकाईल, इस्राफील, असे समीकरण त्याने मांडले. हे ना मुसलमानाला पटेल ना हिंदूला. दोन परंपरा जवळ आणण्याच्या घाईत त्याने काही ठिकाणी दोहोंचे वेगळेपण पुसले. शिवाय सर्वसामान्य लोकांशी आपल्याला कर्तव्य नाही, हे त्याने ‘मजमउल बहरैन’मध्ये स्वच्छच सांगितले आहे. हे खासांचे ज्ञान होते. ज्या काशीच्या पंडितांकडून तो आत्म्याची एकता शिकला, त्यांच्याच समाजात जातीची उतरंड होती. सर्वांत एकच आत्मा असेल तर एकाची सावली दुसऱ्याला का चालत नाही, हा प्रश्न त्याच्या पुस्तकांत येत नाही.

हा प्रश्न पुढे विवेकानंदांनी विचारला. 10 जून 1898 ला अल्मोड्याहून नैनीतालच्या मोहम्मद सरफराज हुसैन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले की, अद्वैत विचार म्हणून कितीही उंच असला तरी समतेचे आचरण व्यवहारात सर्वांत जास्त आणले ते इस्लामने, आणि त्या आचरणाशिवाय वेदांत सामान्य माणसाच्या काही कामाचा नाही. आपण मुसलमानांनी हे वाचून खूश होण्याआधी आपल्या बिरादऱ्यांकडे, लग्नाच्या स्थळांकडे आणि अश्राफ-अजलाफच्या भेदाकडे एकदा पाहावे. आचरणाची कसोटी आपल्यालाही लागू आहे.

मुसलमान विचारवंतांतही दारावर एकमत झाले नाही. मौलाना आझादांनी 1910 मध्ये दाराचा मित्र सरमदवर लिहिलेल्या निबंधात दाराबद्दल आदराने लिहिले. इक्बालांनी ‘रुमूझे बेखुदी’त औरंगजेबाची बाजू घेत, अकबराने पेरलेले इल्हादचे बी दारात पुन्हा उगवले, असा सूर लावला. दोघेही मोठे, दोघेही मुसलमान.

श्रीगोंद्याची वाट

दाराच्याच काळात अहमदनगर भागात शेख महंमद ‘योगसंग्राम’ लिहीत होते. ते चांद बोधले यांचे शिष्य. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांनाही परंपरा चांद बोधल्यांचेच शिष्य मानते. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी शेख महंमदांना श्रीगोंद्यात जागा दिली, असे सांगितले जाते. त्यांच्याकडे ना काशीचे पंडित होते ना शाही कुतुबखाना. त्यांनी मराठीत, ओवीत लिहिले. ज्या देवळाबाहेरच्या आणि मशिदीबाहेरच्या माणसाला फारसी येत नव्हती आणि संस्कृतही, त्याच्यासाठी लिहिले. ‘योगसंग्रामा’तली लढाई आतली आहे. साधक आपल्याच विकारांशी लढतो. सूफी याला नफ्सविरुद्धचा जिहाद म्हणतात. स्वतःचा उल्लेख ते ‘अविंध’ असाच करत राहिले. आपली ओळख त्यांनी लपवली नाही आणि ती आडही येऊ दिली नाही.

दाराला जे खासांचे रहस्य वाटले ते शेख महंमदांनी बाजाराच्या भाषेत सांगितले. म्हणूनच दिल्लीत दाराची कबर ओळखता येत नाही आणि श्रीगोंद्यात शेख महंमदबाबांचे ठिकाण आजही गावाचे आहे.

आजचा प्रश्न

2017 मध्ये दिल्लीतल्या डलहौसी रोडला दारा शुकोहचे नाव दिले गेले. त्याआधी 2015 मध्ये औरंगजेब रोडचे नाव बदलले होते. रस्त्यांच्या नावांतून एक संदेश जातो. दारासारखा असशील तर चांगला मुसलमान, नाहीतर औरंगजेब. मला हा सौदा मान्य नाही. दाराने उपनिषदे कुणाला खूश करण्यासाठी किंवा देशभक्तीचा दाखला मिळवण्यासाठी वाचली नाहीत. आत्मशोध हा पुरावा म्हणून मागितला की त्यातला आत्मा निघून जातो.

दुसरीकडे आपल्या मोहल्ल्यातही एक भीती आहे. दुसऱ्याचे पुस्तक उघडले की इमान डळमळेल, अशी. ज्यांचे इमान पुस्तक उघडल्याने जाते, त्यांचे ते किती पक्के होते? अल्-बिरुनीने योगशास्त्र अरबीत आणले आणि तो मुसलमानच राहिला. मिर्झा मजहर जाने जानां हे नक्शबंदी बुजुर्ग, सरहिंदींच्या परंपरेतले. त्यांनीही एका पत्रात वेदांना ईश्वरी ज्ञानाचा दर्जा देऊन हिंदूंना सरसकट मुशरिक ठरवण्यास नकार दिला. आणि उलट दिशेने पाहिले तर विनोबा भावे यांनी अरबी शिकून वर्षानुवर्षे कुरआन वाचला आणि त्याचे सार ‘रूहुल कुरआन’ म्हणून 1962 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना कुणी विचारले नाही की यामुळे तुमचे हिंदुत्व गेले का. तोच विश्वास आपण आपल्या मुलांना का देऊ नये?

आज आत्मज्ञान मोबाईलवर दहा मिनिटांत मिळते, अशी जाहिरात असते. दाराला एक पुस्तक समजून घ्यायला सहा महिने पंडितांसोबत बसावे लागले आणि त्याआधी वीस वर्षे पीरांच्या पायाशी. स्वतःला ओळखण्याचे काम सोपे नाही, हे तरी त्याच्याकडून शिकता येईल. ते कुणा एका धर्माच्या मालकीचे नाही, हेही.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे केले. म्हणालो, शेख महंमद मुसलमान होते आणि शेवटपर्यंत होते. योगावर त्यांनी लिहिले, कारण ते ज्या गावात राहत होते तिथली माणसे त्या भाषेत देवाविषयी बोलत होती, आणि त्यांना त्या माणसांशी बोलायचे होते. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, ते पुस्तक आपल्या लायब्ररीत आहे का?”

नव्हते. आता मागवले आहे.